लाल फडकं

तुझ्या नावापुढं तीन फुल्या होत्या.
फर्नांडिस बाईंनी कागद दाखवला तेव्हा मला वाटलं, चूक झालीय.
मिठागराच्या मुकादमाच्या वहीत फुली म्हणजे खाडा,
आणि तू तर गेली होतीस ओरोसला,
मीच बसवलं होतं पहाटेच्या एस.टी.त, डब्यात घावणे देऊन.
"फौल गे आये," तू म्हणालीस, "तिनय फौल."
पट्टीच्या पुढं बोटभर पाय.
त्या बोटासाठी
तुझी सगळी उडी कुणी मोजलीच नाही.

पुढल्या वर्षी तर ओरोसपर्यंत पोचलीच नाहीस.
तालुक्यालाच, ओल्या मैदानात घोटा मुरगळला,
सोललेल्या नारळासारखा टम्म.
शेजारची शेवंता म्हणाली, पोरीची जात, आता पुरे.
मी तिला सुपारी दिली नि विषय बदलला.

तुला काय सांगावं ते मला येईना.
धीराचे शब्द बाईंकडे असतात,
माझ्याकडे निर्गुंडीचा पाला होता, तो गरम करून बांधला.
आठवडाभर तू भिंतीकडे तोंड करून होतीस.
मीही भिंतीकडेच बघत जेवले.

मग एका रात्री विचारलं:
बाईंच्या वहीत तुझी सगळ्यात लांब उडी आहे ना,
चार मीटर बासष्ट, ता म्हणजे केदा गे?
तू बोलली नाहीस.
मी पेटीतली किरमिजी साडी काढली
आणि खळ्यात पसरली, सारवलेल्या जमिनीवर, विजेच्या दिव्याखाली.
तू लंगडत आलीस. टेप धरलास.
निऱ्यांवरून सरकत सरकत गेलीस
आणि बोट ठेवलंस
पदर सुरू होतो तिथं.
"एवढा?" मी म्हटलं, "एवढा तू वाऱ्यारसून जातंस?"
एवढं अंतर मी जन्मभर
डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरनं चाललेय,
तेही पाऊल चाचपत.
तू हसलीस.
सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.

आता मिठागरावर जायच्या आधी आपण शाळेच्या मैदानात.
मी माझं लाकडी दंताळं नेते.
वाळू सारखी करताना हात आपोआप
मीठ ओढल्यासारखे चालतात, हळू, वाफ्याच्या कडेकडेनं.
तू सोळा पावलं मोजतेस, सुरुवातीला शिंपला ठेवतेस.
मी पट्टीपाशी उकिडवी,
हातात जुन्या परकराचं लाल फडकं.
"माया करू नको हां," पहिल्याच दिवशी तू बजावलंस,
"फौल म्हणजे फौल."

परवा.
काय ती उडी होती, पोरी!
सुरूच्या बनामागून उजेड यायचा होता अजून.
तू आलीस, पट्टीवर पाय वाजला
आणि मग बराच वेळ
काहीच वाजलं नाही.

मी खाली बघितलं.
ओल्या मातीत तुझ्या अंगठ्याची कड,
उकड्या तांदळाच्या दाण्याएवढी.
मैदानात दुसरं कुणी नव्हतं. फडकं मांडीवर होतं.
तिकडे तू पदराच्या मध्यावर टेकली होतीस,
आणि मी आई आहे.

फडकं वर केलं.

तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.
वाळू झटकत लांबवर गेलीस,
शिंपला उचललास,
टाचेएवढा मागं ठेवलास.

उन्हं आली. मुकादम खाडा मांडेल म्हणून मी उठले,
दंताळं ओढत आले, आणि एका जागी थांबले.
तुझ्या टाचांचा तो खड्डा, न मोजलेला,
तसाच ठेवला.
दहाच्या घंटेला पोरं येऊन तुडवतील. तुडवू देत.
तोवर आहे.