रीडिंग

महिन्याला बाराशे फोटो काढतो मी.
कुणी विचारत नाही, का काढतो.
कडी वाजवायची, म्हणायचं : मीटर.
बाई पदर सावरून बाजूला होते,
म्हातारा बाजेवरून लोंबणारे पाय आत घेतो,
आणि मी मोबाइल उंच धरून
आकडे पकडतो, काचेवरच्या पालीसकट.

हे खात्याचे. माझे वेगळे.
त्यांच्यासाठी अमरावतीहून आणलेला कॅमेरा आहे,
सेकंडहँड. लेन्समध्ये बुरशीचा एक ठिपका,
आभाळ घेतलं की दिसतो.
म्हणून मी आभाळ टाळतो.
माणसं घेतो.

पथ्रोटच्या बाजारात, मिरच्यांच्या ढिगांपुढे,
बांगड्यावाल्याच्या पालाखाली ती उभी होती,
हातात तळव्याएवढा आरसा.
ताडपत्रीच्या भोकातून कवडसा आला होता
नेमका गालावर. मान तिरपी,
डोळे अर्धे मिटलेले, दोन बोटं हनुवटीशी.
मी केळीच्या गाड्याआड. श्वास धरला.
एकच घेतला.
बायको म्हणाली, कोण आहे ही?
मी म्हणालो, उजेड बघ.

परतवाड्याला आम्ही सात हौशी,
त्यात एक औषधवाला, एक ड्रॉइंग मास्तर.
नगरपरिषदेच्या हॉलात सुतळीला चिमटे लावून
फोटो टांगले. माझ्याखाली चिठ्ठी :
"स्वतःला भेटताना".
मास्तर वा म्हणाले.
एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं, तिला विचारलं होतं का?
मी म्हणालो, बाजार तर सगळ्यांचा.
हे वाक्य मी घरूनच आणलं होतं.

मार्चमध्ये माझी लाइन बदलली.
दुसऱ्याच दिवशी, कडी. मीटर.
दार उघडलं ते तिनंच.
ग्राहक : गोकर्णा शामराव खंडारे.
हात कोपरापर्यंत वाटल्या डाळीचे.

"तूच ना थो, बाजारातला?
माह्या भाच्यानं पाह्यला फोटो. घरभर सांगत होता.
दाखव बरं."

दाखवला.
तिनं कोरड्या करंगळीनं तो मोठा केला,
गालावरचा उजेड ओलांडून
सरळ हनुवटीवर गेली.
"आन् खाली काय लिवलं?"
सांगितलं.
आधी हसली नाही. मग इतकी हसली
की ओसरीवरचं कुत्रं उठून गेलं.
"हनुवटीचा केस उपटत होती बाप्पा मी!
एकच येते, काया, तारेसारखा.
घरातला आरसा सुनेच्या खोलीत. तिच्यापुढं कायले?
म्हनून बाजारात गेली.
बाजारात कोन पाह्यते?"

मी मीटरकडे बघत राहिलो.
बाजार सगळ्यांचाच होता. खरं आहे.
पण त्यात तळव्याएवढी जागा तिची होती,
चारी बाजूंनी पत्र्याची कड असलेली,
आणि मी ती आरसा समजलो.

"काढून टाकू का?"
"आता काय काढतं. ज्यायनं पाह्यला त्यायनं पाह्यला."
मग जरा थांबून :
"उजेड चांगला हाये पन.
थे चिठ्ठी फाड. मी कोनाले भेटत-बिटत नोती.
आन् मीटरचा काढ आता. मीटरले लाज नाई."

काढला.
संध्याकाळी हापिसातून फोन :
रीडिंग अस्पष्ट, काचेत सावली, पुन्हा घ्या.
उघडून पाहिलं. तीन की आठ, कळत नाही.
आकड्यांवर माझाच हात,
आणि हातामागे, दूर, ती, परातीवर वाकलेली,
हनुवटी खांद्याला घासत.

हा मी काढलाच नव्हता.
तरी याला नाव द्यायचं मनात आलं,
अर्धं सुचलंही.
खोडायच्या बटणावर अंगठा ठेवून
गार भाकर खाल्ली.

सकाळी पुन्हा तेच दार.
कडी. मीटर, म्हणालो.
आतून आवाज आला : "थांब जरा."
मोबाइल खिशात होता.
थांबलो.