दोन हात

सिग्ने नाव तिचं. आम्ही पोट्टे शिगणी म्हणत होतो.
चौदा वर्षं देशोदेशी खेळली, जिंकली एकदा,
तेही पावसानं दोनच दिवसांत आटपलेलं.
मेजरसाहेबानं सांगितलं मले, हळूच,
जसं कोणाचं दुखणं सांगावं.

मार्च सरत होता. कामठीच्या छावणीतलं गवत,
गवत कायचं, तणसच.
सोळाव्या होलवर ती उकिडवी बसली,
बोटानंच विचारलं, चेंडू कोणीकडे वळंल?
कन्हानकडे, म्हटलं.
इथं सारं कन्हानकडेच वळते बाई.
ऐकलं तिनं. टप्पकन आत.

सतराव्यावर विचारलं नाही.
चुकला.
हसली. सवयीचं हसू होतं ते.

माठाजवळ हातमोजा काढला तिनं:
डावा हात सायीसारखा, उजवा भाजल्या विटेचा,
दोन वेगळ्या बायांचे जणू.
पाहत राहिली बराच वेळ,
मंग दोन्ही तोटीखाली धरले.

रात्री कंदिलापाशी मी माझे पाह्यले.
दोन्ही सारखेच काळे.
बॅग बावीस किलोची होती,
एका हातानं उचलल्या जात नाही.