मानेखालचा हात

माझा उजवा हात रात्रभर ह्यांच्या मानेखाली असतो.
सुनेने एकदा दार ढकलून पाहिलं
आणि लाजून मागे फिरली.
तिला कसं सांगू, हा पहारा आहे.
घाम आला तर मला कळायला हवा.
उकाड्याचा घाम वेगळा, चिकट, मे महिन्यातला.
हा दुसरा गार येतो,
फेरीबोटीच्या लोखंडी कठड्यावर
पहाटे दव असतं, तसा.

एकतीस वर्षं ह्यांनी नार्वे ते दिवाडी केली.
भरती, ओहोटी, धुकं.
आता रात्रीच्या पाच खेपा:
पलंग ते न्हाणीघर, न्हाणीघर ते पलंग,
एकच उतारू.
पहिली साडेअकराला. दुसरी एकला.
दुसरीहून परतताना तांब्याभर पाणी पितात
आणि तिसरी तिथेच ठरून जाते.

मधल्या वेळात पाय.
म्हणतात, खुब्यांच्या शिंपल्यांवर उभा आहे गं.
मी खोबरेल चोळते.
चोळलेलं त्यांना कळत नाही,
थांबले की मात्र दुखतं.

डिचोलीची डॉक्टरीण म्हणाली,
झोप नीट झाली तर साखर नीट राहील.
मी म्हटलं, साखर नीट राहिली
तरच ना झोप होणार?
ती हसली.
कागदावर लिहून दिलं, रोज चालायला जा.

जागरणं आम्ही काय कमी केली?
जत्रेच्या नाटकात ह्यांचा राजाचा पार्ट.
तिसरा अंक सुरू व्हायलाच चार वाजायचे.
घामाने सुटलेली मिशी एका हाताने धरून
दुसऱ्या हाताने ह्यांनी युद्ध पुकारलं होतं.
मी बायकांच्या बाजूला, चण्यांची पुडी घेऊन,
पोटात सात महिन्यांचा सर्वेश.
सकाळी घरी येऊन निजलो ते दुपारी जेवायलाच उठलो.
तशी झोप मग कुणी नेली, कोण जाणे.

गेल्या गुरुवारी तीनला मान गार लागली.
बोटाला सुई टोचली. आकडा बावन्न.
हे उठून बसले, डोळे उघडे,
पण मी काही त्या डोळ्यांत नव्हते.
"दोर सोड, मिंगेल."
मिंगेल दिवाडीच्या इगर्जीमागे निजलाय,
बारा वर्षं झाली.
"दोर सोड रे! आधी स्कूटरी, मग जीप."
मी म्हटलं, सोडला.
"भोंगा दे."
दिला. तोंडानेच दिला, काय करणार,
बाजूच्या खोलीत नात दचकून रडायला लागली.
मग चमच्याने गुळाचं पाणी.
माडाचा काळा गूळ,
ज्याच्या डब्याला सात वर्षं मीच कुलूप लावते
आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवून फिरते.
एक चमचा. गिळा. आणखी एक.
गंजीवर सांडला, उशीवर सांडला.

पंधरा मिनिटांनी विचारलं,
"पलीकडे लागली?"
लागली.
मग माझ्याकडे नीट पाहिलं.
"तू अजून जागीच?"
असं विचारलं, जणू मी कुठल्या जत्रेला जाऊन आलेय.

पोदेराचा पोंपों वाजला तेव्हा हे घोरत होते.
मी कोंड्याच्या दोन पोळ्या घेतल्या.
ऊन ऊन उंडे वासानेच पोट भरून गेले.
अभ्र्यावर मुंग्यांची ओळ लागली होती,
उशीपासून खिडकीपर्यंत, अगदी शिस्तीत.
मारवल्या नाहीत. झटकल्या.

ह्या महिन्यात म्हटलं, माझीही बघा.
उपाशीपोटी एकशे अठरा.
डॉक्टरीण म्हणाली, अजून काठावर आहात.
काठावरच तर असते मी, बाई,
रोज रात्री, खेप परत येईपर्यंत.
हे बोलले नाही.
पिशवीतून वही काढली
आणि तारखेपुढे एकशे अठरा लिहिलं,
ह्यांच्याच पानावर, खाली जागा होती तिथे.