चिठ्ठीत नाव निघालं

चिठ्ठीत माझं नाव निघालं,
आणि साऊ जॉर्ज बेटावरच्या त्या धुक्यात
सगळ्यांनी पाठ थोपटली :
वेन्सेस्लाउ, यंदाचा सम्राट तू!

सम्राट म्हणजे काय, तर आठवडाभर
पवित्र आत्म्याचा मुकुट आपल्या घरी,
आणि रविवारी गावजेवण.
कुठला, कुणाचा, विचारायचं नाही.
पाव, मांसाचा रस्सा, वाइन. वाढत राहायचं.

मी त्याच रात्री हिशोबाला बसलो.
गोठ्यात एक भरलेली कालवड
आणि एक आटलेली म्हातारी गाय.
म्हटलं, रश्श्यात कुणाला कळतंय वय?
तळघरात चीजची एकोणीस चाकं;
मागली फळी गोणपाटानं झाकली.
देवालाही व्यवहार कळत असेलच की.

उतारावरची विधवा इदालिना
ओच्यात पीठ घेऊन आली.
मी तराजू पुढे ओढला. किती आहे?
"मोजलं नाही," म्हणाली.
"मोजलं असतं तर आणलं नसतं."

बुधवारी धक्क्याला अनोळखी बोट लागली.
चांदीचा मुकुट, वर चांदीचं कबूतर.
ह्या घराला कुलूप कधी नव्हतंच,
गोठ्याचं काढून आणावं लागलं.
आत कबूतर आणि मी,
रात्रभर पावसात पावलं ऐकत.

सकाळी दाराशी भिजलेली माती,
तिच्यात गुडघ्यांचे दोन खड्डे.

इदालिना वाटेत भेटली.
मी तोंड उघडायच्या आत म्हणाली,
"रोझरी बाहेरूनच म्हटली. त्याला आतबाहेर सारखंच.
तुझ्या छपराचं एक कौल सरकलंय, बघ."

कालवड दिली. संत झालो नाही;
तिला नेताना शेवटच्या वळणापर्यंत
बाजारभाव मनात चालूच होता.
चीजची अकरा चाकं वर आणली.
आठ अजून गोणपाटाखाली आहेत.

रविवारी पाद्रीबाबांनी मुकुट डोक्यावर ठेवला.
गार होता, आणि एका बाजूला कलत होता.
लांब टेबलाच्या टोकाला
त्या बोटीचे खलाशी तिसऱ्यांदा रस्सा मागत होते
आणि इदालिना पळी बुडवत होती.

प्रार्थनेत आपण आजचीच भाकर मागतो.
एवढी वर्षं ती पुटपुटताना
उद्याची, परवाची, म्हातारपणाची
मी मनातल्या मनात जोडत आलो.

कुलूप अजून खिशातच आहे.
रोज रात्री बोटांनी एकदा चाचपतो,
आणि दार नुसतं ओढून घेतो.
बहुतेक रात्री.