वाक्यात उपयोग करा

खानापुरात, स्टेशन रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर
संध्याकाळी सहा ते साडेसात.
डिमेलो सर रोज दहा शब्द देतात.
अकरावा मागितला तर म्हणतात,
आधी हे वापरून आण.

दिवसभर मी कौलांच्या कारखान्यात चलनं लिहिते,
फुटकी कौलं मोजायचं कामही माझंच.
फुटक्या कौलाच्या पाठीवर खडू छान उठतो.
युबिक्विटस मी तिथंच पाठ केला:
जिथं बघावं तिथं असलेलं.
वाक्य: आमच्याकडे लाल धूळ युबिक्विटस आहे,
डब्यात, वेणीत, पगाराच्या पाकिटातसुद्धा.
सर वाचून थोडा वेळ गप्प.
पुस्तकातल्या वाक्यात त्या जागी देव होता.

माझ्या बाकावर शिवलीला हिरेमठ.
तिचं कन्नड, माझं मराठी,
दोघींत मिळून एक डिक्शनरी,
तिच्यातली एफपासून एचपर्यंतची पानं गेलेली.
त्या अक्षरांचे शब्द आम्ही अंदाजानं जगतो.
ऑब्स्टिनेटला ती म्हणाली हठमारी, मी म्हणाले हट्टी,
एका घरात दिलेल्या दोन बहिणी जशा.
मी लिहिलं: आमच्या गल्लीच्या तोंडाचा बोर्ड ऑब्स्टिनेट आहे,
वरून कितीही रंग फासा,
पावसाळ्यानंतर खालची अक्षरं वर येतात.
तिनंही बोर्डावरच लिहिलं होतं.
खालची अक्षरं कुठली,
ते मी तिला विचारलं नाही, तिनं मला नाही.

टॅसिटर्न म्हणजे कमी बोलणारा.
माझे वडील टॅसिटर्न आहेत, एवढंच लिहिलं,
पैकीच्या पैकी.
रात्री जेवताना बा
नंदगडच्या बाजारातल्या एका बैलाच्या दातांबद्दल
भाकरी गार होईपर्यंत बोलत होता.
मग आठवलं, मी त्याला गप्प कुठं बघितलंय ते.
तालुक्याच्या ऑफिसात, खिडकीपुढं.
हातात फॉर्म, फॉर्मवर न वाचता येणाऱ्या गोल गोल ओळी,
आणि आतल्या माणसाचं बोट:
इथं सही.
दुसऱ्या दिवशी वाक्य खोडून दिलं:
माझे वडील फक्त खिडकीपुढं टॅसिटर्न असतात.
सरांनी अर्धा मार्क कापला.
म्हणाले, हा शब्द स्वभावाला लागतो, जागेला नाही.
कापू देत.

आईनं त्यातला एकच उचलला, मेटिक्युलस.
कुठून ऐकला देव जाणे, बहुतेक माझ्या घोकण्यातून.
आता म्हणते, तांदूळ मेटिक्युलस निवड गे,
मागच्या खेपेला खडा लागला दाताला.
व्याकरण चुकतंय, मी म्हणाले.
खडा लागला की नाही, ती म्हणाली.

एकदा सरांनी 'पण'चं इंग्रजी विचारलं. सोपं होतं.
मी म्हणाले, सर, आमच्यात 'पण' कुणी म्हणत नाही,
आम्ही 'खरं' म्हणतो.
येतो म्हणाला, खरं आला नाही.
पैसे दिले, खरं पावती दिली नाही.
सरांनी चष्मा काढला.
म्हणजे तुमच्याकडे ट्रू आणि बट एकच?
होय की, सर.
शिवलीला हसली, मीही हसले.
सर मात्र फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहून
बघत राहिले, खडूची पूड बाहीवर.

परवा बेळगावला गेले होते, उद्यमबागेत,
एक्स्पोर्टच्या ऑफिसात, इंटरव्ह्यूला.
बसमध्ये दोनशे चाळीस शब्द मनात मोजले,
एकही खाली सांडला नव्हता.
समोरचे साहेब पुण्याकडचे असावेत, बोलणं धुतलेलं.
म्हणाले, इंग्लिश येतं ना?
माझी जीभ वर टाळूला लागली,
रेझिलियंट, टेनेशियस, अ‍ॅम्बिव्हॅलंट सगळे दाराशी चपला घालून उभे,
आणि तोंडातून आलं:
येतंय, खरं

त्यांनी वाट बघितली.
मीही बघितली.
पंखा फिरत होता.
त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं,
माझ्या बाजूनं उलटं दिसलं,
एकच शब्द होता.