प्रॉम्प्टरची पोरगी

वडशाच्या नाटक कंपनीत बाबा प्रॉम्प्टर.
दिवाळी ते होळी, कापल्या धानाच्या बांधीत मंडप,
विंगेतल्या खुर्चीवर ते, मांडीवर स्क्रिप्ट, हातात बॅटरी,
राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांची वाक्यं
आधी त्यांच्या तोंडात.

मीही तशीच शिकत आले.
नागपूरच्या क्लासचे सर म्हणायचे, हे येणार,
आणि ते यायचं.
मेडिकलला सीनियरच्या नोट्स, त्याच्या सीनियरच्या झेरॉक्स,
तिसऱ्या पिढीत इतक्या फिकट
की लिव्हर का स्प्लीन ते अंदाजानं वाचायचं.
लेक्चरला नाव पुकारलं की
शेजारचा फुलझेले नुसते ओठ हलवायचा.
मी पास होत गेले.

तिसऱ्या वर्षी पंधरा दिवस कोसमटोल्याचं आरोग्य केंद्र.
मोबाइलला एक दांडी, तीही टाकीवर चढलं तर.
पेंदाम सिस्टर म्हणाल्या,
"डॉक्टर मीटिंगले गेले, बसा तुमी."
डिसेंबर. सात-आठ वर्षांचा इंदल,
गुडघे पोटाशी, डोळ्यांच्या पांढऱ्यात हळद.
त्याची आई बोटं धरून बसलेली,
दाबत नव्हती, नुसती धरून.

मला सगळं पाठ होतं.
सहावी जागा, ग्लुटामिकच्या ऐवजी व्हॅलिन,
पाच मार्कांना, आकृतीसह.
कोयत्यासारखी पेशी मी फार सुंदर काढते.

"थंडीतच काहून धरते जी याले?"

मी विंगेकडे पाहिलं.
विंगेत औषधांचं कपाट,
वजनकाटा, पोलिओचं जुनं पोस्टर.
कोणी काही बोललं नाही.

"मले नाही माहीत," मी म्हणाले.
क्लासची फी, बारावीचा गठ्ठा, तीन वर्षं,
आणि हे वाक्य पहिल्यांदा मोठ्यानं.
ती रागावली नाही.
"मंग पाहून सांगजा," म्हणाली,
जसं कोणी बाजारातून भाव विचारून यायला सांगावं.
सिस्टरनं तोवर सलाइन लावलंही होतं.

रात्री दुकानातून दहा रुपयांची वही आणली.
लिहिलं: एक. थंडीतच का?
थंडीनं रक्तवाहिनी आकसते,
वाट अरुंद, पेशी रेंगाळते,
रेंगाळली की ऑक्सिजन सोडते, सोडला की वाकते,
वाकली की अडकते.
हे माझ्याच पुस्तकात होतं.
पिवळ्या मार्करनं रंगवलेल्या ओळीच्या
बरोबर खाली. पांढरंच राहिलेलं.

मग दोन. थंडीत पोरं पाणी कमी पितात का?
हे पुस्तकात नव्हतं.
सकाळी तिच्या अंगणात विचारलं.
"शाळेतलं पानी बरफावानी," ती म्हणाली,
"हात नाही लावत पोट्टा."
मग तीन, शाळेत पाणी कोमट कोण करेल.
हा प्रश्न कुठल्या विषयात बसतो
तेही मला ठरवता येईना.
पंधरा दिवसांत अकरा झाले.
चारांना उत्तरं, त्यातलं एक चुकीचं,
ते खोडलं, पण दिसेल असं.

घरी आले तर बाबा रात्रीच्या प्रयोगाहून परतलेले,
पिठल्यात भाकर कुस्करत बसलेले.
वहीचं सांगितलं.
ते म्हणाले, एकदा दुसऱ्या अंकात बॅटरीच गेली.
खलनायक उभाच. हूं नाही की चूं नाही.
मग काय वाटेल ते बोलला.
"मग? जमलं?"
"कायचं जमते! अख्खा सीन चुकला.
पन पयल्यांदा माह्याकडं नाही पाह्यलं त्यानं,
समोर उभी होती तिच्याकडं पाहून बोलला."
आणि पाणी मागितलं.

निघताना बस सुटेपर्यंत वही त्यांच्या हातात होती.
उघडली ती हॉस्टेलवर.
अकराच्या खाली,
प्रयोगाच्या तारखा लिहितात त्या टपोऱ्या अक्षरात:
बारा. अंधारात बारीक वाचून
डोये जातेत का?

पुढे त्यांनी दोन ओळी
कोऱ्या सोडल्या आहेत.