तीट

लूटनच्या हार्टली रोडवर सव्वीस खांब आहेत.
मला ठाऊक, कारण शिडी माझी होती.
प्रत्येकाच्या गळ्यात एक दुधी डबा,
चार बोल्ट, एक वायर.
अकरा मिनिटांत एक, थंडीत पंधरा.

सुपरवायझर म्हणाला, हा हवेतली धूळ मोजतो,
रस्ता रिकामा असला की दिवा मंद करतो.
खोटं नव्हतं ते.
अर्ध्या वाक्याला खोटं कसं म्हणायचं?

मार्चमध्ये लायब्ररी बंद होऊ नये म्हणून
बाराजण पायरीवर उभे राहिले, पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन.
पुढच्या शनिवारी सात.
नंतर मिसेस अडेबांजो एकट्याच,
तोंडावर मफलर ओढून.
कुणी कुणाला अडवलं नव्हतं हं.
नुसतं, खांबाकडे बघून
एकेकाला घरी काम आठवलं.

मग मर्लीनचा कीरन.
चौदा वर्षांचा, शाळेचा टाय सैल,
हातात चिकनचं खोकं.
यंत्र म्हणालं, हाच तो.
तो नव्हता.
चाळीस मिनिटं भिंतीला पाठ लावून उभा,
खोक्याखालून तेल टपकत बुटावर.
शेवटी सॉरी म्हणाले.
सॉरीची नोंद राहत नाही,
चेहऱ्याची राहते.
मर्लीन आता त्याला मागच्या गल्लीतून पाठवते,
जिथे दिवेच नाहीत.

आणि मी सात महिन्यांच्या लेकीला
बाबागाडीत बसवते.
मिरजेहून आई फोनवर रोज तेच:
तीट लावलीस का गं?
लावते. डाव्या गालावर, काजळाची,
बघणाऱ्याची नजर तिथेच अडखळावी म्हणून.

काल दार ओढून घेताना हात थांबला.
ही नजर अडखळत नाही.
ती ठिपकाही लिहून घेईल:
डावा गाल, काळी खूण, नऊ वाजून दहा.
हिला हेवा नाही, कौतुक नाही,
मग मीठमोहरी ओवाळून
मी उतरवू काय, आणि कुणाची?

अंगठ्याने तीट पुसली.
थोडी फरफटली, गाल करडा झाला.
पोरगी हसली वर बघून,
सतराव्या खांबाकडे.

त्याचे बोल्ट मी
जरा जास्तच घट्ट पिळले होते.
आपल्या दारासमोरचा, म्हणून.